परिपत्रक आणि पिंजरा

बिबट्यांच्या बाबतीत वनाधिकाऱ्यांनी कसे वागावे, याच्या लेखी मार्गदर्शक सूचना २०११ पासून उपलब्ध आहेत आणि त्यामागचा बराचसा अनुभव पुणे जिल्ह्यातील आहे. तरीही घटना घडली की पहिली मागणी पिंजऱ्याचीच होते. असे का व्हावे?

शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये अवघ्या काही आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जणांचा बळी गेला. त्यांपैकी दोन बालके होती. संतप्त ग्रामस्थांनी वन विभागाच्या वाहनाला आग लावली, पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. अखेर शासनाने पाचारण केलेल्या नेमबाजांनी एका बिबट्याला गोळ्या घालून ठार केले. ज्यांच्या घरातले मूल गेले त्यांच्या दुःखाला आणि रोषाला कोणतेही परिपत्रक उत्तर देऊ शकत नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. परंतु त्या गर्दीसमोर उभ्या असलेल्या वनरक्षकाचा आणि वनक्षेत्रपालाचाही विचार व्हायला हवा. अशा वेळी त्याने काय करावे, हे कोठे लिहिलेले आहे? जे लिहिले आहे ते त्याच्यापर्यंत पोचले आहे का? आणि पोचले असेल, तर ते अमलात आणण्याजोगी परिस्थिती त्याच्याभोवती आहे का?

पुणेकरांनी हे प्रश्न केवळ ग्रामीण भागाचे समजू नयेत. एप्रिल २०२५ मध्ये खुद्द लोहगाव विमानतळाच्या परिसरात बिबट्याचे दर्शन घडले होते. शहर जसजसे टेकड्यांच्या आणि उसाच्या दिशेने पसरत आहे, तसतसा वन खात्याचा हा कारभार शहरी नागरिकाच्याही दारात येऊन ठेपला आहे.

कायदा, धोरण आणि सूचना

वन व्यवस्थापनात वरून खाली येणारे आदेश एकाच प्रकारचे नसतात. सर्वांत वर कायदा असतो. त्याखाली नियम आणि शासन निर्णय येतात. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीसारखे धोरण दिशा दाखवते. आणि या सर्वांचा रोजच्या कामात नेमका अर्थ काय, हे सांगण्यासाठी मार्गदर्शक सूचना, परिपत्रके व प्रमाण कार्यपद्धती असतात. कायदा मोडल्यास शिक्षा होते. सूचनांचे तसे नसते. त्या अधिकाऱ्याच्या विवेकाला आधार देतात. त्यामुळेच त्या समजावून सांगण्यावर, पटवून देण्यावर त्यांचे सारे यश अवलंबून असते.

ही गरज वन खात्याइतकीच जुनी आहे आणि पुण्याशी तिचा संबंधही जुना आहे. दापोडी येथील वनस्पती उद्यानाचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. दूरदूरच्या जंगलांत एकेकट्याने काम करणाऱ्या अधिकाऱ्यांना परस्परांचे अनुभव कळावेत म्हणून १८७५ मध्ये 'इंडियन फॉरेस्टर' हे नियतकालिक सुरू झाले. तेव्हा प्रश्न साग किती तोडावा आणि वणवा कसा रोखावा, हे होते. आज त्यात वन्यप्राणी आणि माणूस यांच्यातील संघर्षाची भर पडली आहे आणि या प्रश्नात चुकीची किंमत लाकडात मोजता येत नाही.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार बिबट्या हा पहिल्या अनुसूचीतील प्राणी आहे. तो मानवी जीवितास धोकादायक ठरला आहे, अशी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची खात्री पटली, तरच कलम ११ अन्वये ते कारणे नमूद करून लेखी आदेश देऊ शकतात. २००२ च्या दुरुस्तीने त्यात आणखी एक अट आली. प्राण्याला पकडणे, भूल देणे किंवा अन्यत्र हलविणे शक्य नसेल, तरच त्याला मारण्याचा आदेश देता येतो. वाचताना ही अट सरळ वाटते. परंतु यातील 'अन्यत्र हलविणे' या शब्दांनीच पुणे जिल्ह्यात एक मोठा प्रश्न उभा केला होता आणि त्याचे उत्तर कायद्यात नव्हते.

जुन्नरचा धडा

जुन्नर वन विभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात. कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी या पट्ट्यात बारमाही पाणी आणले आणि पाण्यापाठोपाठ ऊस आला. माणसाच्या उंचीपेक्षा वर जाणारे, वर्षभर उभे राहणारे हे पीक बिबट्याला उत्तम आडोसा ठरले. भटकी कुत्री, शेळ्या-मेंढ्या आणि डुकरे यांच्या रूपाने खाद्यही मुबलक होते. बिबट्याच्या मादीने उसात पिले घालणे ही अपवादाची गोष्ट उरली नाही.

फेब्रुवारी २००१ नंतर या भागात बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून लगतच्या वनक्षेत्रांत सोडण्याचा कार्यक्रम राबविला गेला. बिबट्या हा जंगली प्राणी, त्याची जागा जंगलात, तेव्हा त्याला 'घरी' पोचवले की प्रश्न मिटेल, असा त्यामागचा विचार होता. तो चुकीच्या हेतूने केलेला नव्हता. प्राण्याला न मारता माणसाचे रक्षण करण्याचा तो प्रयत्न होता. प्रत्यक्षात मात्र हल्ले वाढले.

पुण्यातील वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या काळातील नोंदींचा बारकाईने अभ्यास केला. २०११ मध्ये 'कॉन्झर्वेशन बायोलॉजी' या संशोधन पत्रिकेत प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष डोळे उघडणारे होते. स्थलांतराच्या कार्यक्रमाआधी, १९९३ ते २००१ या काळात जुन्नरमध्ये माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. कार्यक्रम सुरू झाल्यावर, २००१ ते २००३ या काळात, ही सरासरी १७ वर गेली. प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर पोचले. पकडलेले बिबटे सरासरी सुमारे ४० किलोमीटर अंतरावर सोडले गेले होते.

याची कारणे प्राण्याच्या स्वभावात आहेत. बिबट्या आपल्या हद्दीत राहणारा प्राणी आहे. पाण्याच्या जागा, लपण्याच्या जागा, माणसांच्या येण्या-जाण्याच्या वेळा त्याला ठाऊक असतात आणि त्या ज्ञानाच्या जोरावर तो माणसाला टाळतो. त्याला पकडून, पिंजऱ्यात ठेवून, अनोळखी मुलखात सोडले की हे ज्ञान निरुपयोगी ठरते. तेथे आधीपासून दुसरे बिबटे असतात. बिथरलेला प्राणी परतीच्या वाटेला लागतो आणि वाटेतल्या गावांना कधी नव्हे तो उपद्रव सुरू होतो. इकडे त्याची मोकळी झालेली हद्द दुसरा बिबट्या लवकरच व्यापतो. म्हणजे एका गावाचा प्रश्न तर सुटत नाहीच, शिवाय तो दुसऱ्या गावाच्या माथी मारला जातो.

परतीच्या या ओढीचे प्रत्यंतर २००९ मध्ये आले. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका नर बिबट्याला बाहेर काढून, गळ्यात जीपीएस कॉलर बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. या 'आजोबा'ने सुमारे १२० किलोमीटरची वाट तुडवत मुंबईचा परिसर गाठला. रस्ते, वस्त्या, लोहमार्ग ओलांडताना त्याने कोणालाही इजा केली नाही. २०१४ मध्ये आलेल्या 'आजोबा' या मराठी चित्रपटामुळे ही कथा घरोघरी पोचली. मात्र पकडून नेऊन सोडलेला बिबट्या सोडलेल्या जागी थांबेल, हे गृहीत धरता येत नाही, हा तिच्यातील व्यावहारिक अर्थ कितीजणांपर्यंत पोचला, हा प्रश्नच आहे.

संशोधनाकडून सूचनांकडे

संशोधन पत्रिकेतील निबंध वनरक्षक वाचणार नाही आणि त्याने तो वाचावा ही अपेक्षाही रास्त नाही. निष्कर्षांचे रूपांतर कृतीच्या भाषेत व्हावे लागते. या दिशेने पहिले पाऊल पुण्यातच पडले. विद्या अत्रेय आणि पशुवैद्यक अनिरुद्ध बेलसरे यांनी तयार केलेली मानव-बिबट्या संघर्ष व्यवस्थापनाची मार्गदर्शिका २००७ मध्ये पुण्याच्या 'काटी ट्रस्ट'ने प्रसिद्ध केली. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने देशभरासाठी बिबट्याविषयीच्या मार्गदर्शक सूचना जारी केल्या. एका वन विभागातील कटू अनुभव दहा वर्षांनी राष्ट्रीय मार्गदर्शनात उतरला.

या सूचनांचा गाभा थोडक्यात सांगता येतो. बिबट्या केवळ दिसला, एवढ्यावरून त्याला पकडू नये. पकडणे हा शेवटचा उपाय मानावा. एका ठिकाणी पकडलेला प्राणी दूर नेऊन सोडण्याची प्रथा टाळावी. विहिरीत पडलेला किंवा अडकलेला, पण माणसावर हल्ला न केलेला बिबट्या सुस्थितीत असेल, तर त्याला जवळच्याच योग्य जागी मुक्त करावे. माणसांवर हल्ले केल्याचे सिद्ध झालेल्या बिबट्याला पुन्हा निसर्गात सोडू नये. भूल देण्याचे काम प्रशिक्षित पथकानेच करावे. गर्दीचे नियंत्रण पोलीस व महसूल यंत्रणेच्या मदतीने करावे. पशुधनाच्या हानीची भरपाई विनाविलंब द्यावी.

मार्च २०२३ मध्ये केंद्राने मानव-वन्यजीव संघर्षाविषयी १४ मार्गदर्शिकांचा संच प्रसिद्ध केला. त्यांपैकी १० विशिष्ट प्राण्यांविषयी आहेत आणि त्यांत बिबट्याही आहे. उरलेल्या चार सर्वांना लागू होणाऱ्या विषयांवर आहेत: वन विभाग व प्रसारमाध्यमे यांच्यातील सहकार्य, कर्मचाऱ्यांचे आरोग्य व सुरक्षा, गर्दीचे व्यवस्थापन आणि संघर्षातून उद्भवणारे आरोग्यविषयक प्रश्न. संघर्ष हाताळायचा म्हणजे केवळ प्राणी हाताळायचा नसून माणसेही हाताळायची असतात, याची ही अधिकृत कबुली होय.

नागपूरहून नियतक्षेत्रापर्यंत

दिल्लीहून निघालेली सूचना राज्याच्या वन विभागाच्या नागपूर येथील मुख्यालयात येते. तेथून ती पुण्याच्या मुख्य वनसंरक्षकांकडे, त्यांच्याकडून जुन्नरच्या उपवनसंरक्षकांकडे, पुढे वनक्षेत्रपाल, वनपाल आणि शेवटी वनरक्षक अशी उतरत जाते. प्रत्येक पायरीवर एक आवरणपत्र जोडले जाते आणि 'आवश्यक त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा पडतो. कागद पोचतो. अर्थ पोचतोच असे नाही. याची काही कारणे सहज ओळखता येण्यासारखी आहेत.

पहिले कारण भाषेचे. केंद्राच्या सूचना मूळ इंग्रजीत, तांत्रिक परिभाषेत आणि अनेक पानांच्या असतात. नियतक्षेत्रातील वनरक्षकाला रात्री दोन वाजता विहिरीच्या काठावर उभे राहून निर्णय घ्यायचा असतो. त्या क्षणी त्याला उपयोगी पडेल असा मजकूर एका पानाचा, मराठीतला आणि क्रमवार असायला हवा: प्रथम कोणाला दूरध्वनी करायचा, गर्दी किती अंतरावर रोखायची, काय अजिबात करायचे नाही.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. परिपत्रक 'काय करावे' हे सांगते. 'का करावे' हे ते बहुधा सांगत नाही. 'बिबट्याला दूर नेऊन सोडू नये' एवढेच वाक्य ज्याच्या हाती आहे, त्याला ते वरिष्ठांचे आणखी एक फर्मान वाटते आणि संतापलेल्या सरपंचासमोर तो ते टिकवू शकत नाही. २००१ नंतर जुन्नरमध्ये हल्ले ४ वरून १७ वर कसे गेले, हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्यापाशी सांगण्यासारखे काहीतरी असते. जुन्नरच्या वनरक्षकाला जुन्नरचेच आकडे माहीत असणे, ही त्याची ढाल आहे.

तिसरे कारण बदल्यांचे. राज्याच्या २००५ च्या बदल्यांविषयीच्या अधिनियमानुसार शासकीय अधिकाऱ्याचा एका पदावरील सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा आहे. हितसंबंध निर्माण होऊ नयेत, हा त्यामागचा उद्देश योग्यच आहे. पण बिबट्याच्या पट्ट्यात अनुभवी झालेला अधिकारी तीन वर्षांनी निघून जातो आणि कदाचित वणवे किंवा अतिक्रमणे यांचाच अनुभव असलेला दुसरा येतो. चंद्रपूर आणि कुंडल येथील वन प्रशिक्षण संस्थांत पायाभूत शिक्षण मिळते, पण विशिष्ट विभागाची स्मृती तेथे शिकवता येत नाही. ती विभागातच लिहून ठेवावी लागते आणि नव्याने येणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात द्यावी लागते.

चौथे कारण म्हणजे हा सारा प्रवाह वरून खाली वाहतो. कोणती सूचना प्रत्यक्षात पाळता आली नाही आणि का, हे खालून वर कळविण्याची रीत रुळलेली नाही. सूचना पाळली नाही असे लिहिणे म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा देणे, अशी धास्ती असते. परिणामी, अडचणी आहेत तशा राहतात आणि पुढचे परिपत्रक त्यांच्याविना निघते.

उसातील बछड्यांचे उदाहरण

सगळेच चित्र निराशाजनक नाही. ऊसतोडणीच्या हंगामात फडात बिबट्याची पिले सापडतात. पूर्वी ती उचलून आणली जात आणि त्यांच्या नशिबी जन्मभराचा पिंजरा येई. पिले हरवलेली मादी त्याच परिसरात सैरभैर फिरत राही आणि तो धोका गावकऱ्यांनाच असे. आता जुन्नर वन विभागात वेगळी पद्धत रुळली आहे. पिलांची तपासणी करून त्यांना सायंकाळी सापडलेल्या जागीच एका पेटीत ठेवले जाते, कॅमेरा लावला जातो आणि माणसे दूर होतात. अंधार पडल्यावर मादी येते आणि पिलांना तोंडात धरून घेऊन जाते. माणिकडोह येथील बिबट्या निवारा केंद्रातील पशुवैद्यकांचे या कामी साहाय्य होते.

ही सूचना का रुजली, हे पाहण्यासारखे आहे. ती एका वाक्यात सांगता येते. तिचे कारण कोणाही आईबापाला समजावून सांगावे लागत नाही. तिचा परिणाम एका रात्रीत, कॅमेऱ्यातील चित्रांच्या रूपाने, डोळ्यांना दिसतो. आणि ती पाळण्यात शेतकऱ्याचा फायदा आहे, कारण मादी शांत होते आणि थांबलेली तोडणी पुन्हा सुरू होते. येथे मार्गदर्शन केवळ वनरक्षकाला झालेले नाही. ऊसतोड कामगार, मुकादम, शेतमालक या सर्वांपर्यंत ते पोचले आहे. पिले दिसली की हात न लावता वन विभागाला कळवायचे, हे आता फडावरच्या माणसालाही ठाऊक असते. वन विभागाची १९२६ ही मदतवाहिनी त्यासाठीच आहे.

सूचना गर्दीसाठीही हवी

बिबट्याविषयीच्या सूचनांची मोठी अडचण येथेच स्पष्ट होते. त्या वनाधिकाऱ्यासाठी लिहिलेल्या आहेत, पण निर्णय होतो तो गर्दीच्या साक्षीने. गर्दीने त्या वाचलेल्या नसतात. बिबट्या दिसला, पण पिंजरा लावला नाही, तर अधिकारी कामचुकार ठरतो. पिंजरा लावला की कारवाई झाल्याचे समाधान मिळते. मग त्यात नेमका कोणता बिबट्या सापडला, याची चौकशी फारशी कोणी करीत नाही. हल्ला न केलेला प्राणी जेरबंद झाला आणि हल्लेखोर मोकळाच राहिला, तर धोका तसाच राहतो आणि लोक मात्र गाफील होतात.

मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या प्रशासनाने २०११ मध्ये 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम सुरू केला. तेव्हाचे उद्यानाचे प्रमुख सुनील लिमये यांच्या पुढाकाराने अधिकारी, संशोधक, पोलीस, गृहनिर्माण संस्थांचे रहिवासी आणि पत्रकार यांना एकत्र आणण्यात आले. बिबट्या दिसणे म्हणजे बिबट्या हल्ला करणे नव्हे, हा भेद बातम्यांत दिसू लागला. कचरा आणि भटकी कुत्री यांचा बिबट्याशी असलेला संबंध नागरिकांना सांगितला गेला. वनाधिकाऱ्याच्या हातातील सूचना जेव्हा आसपासच्या समाजालाही ठाऊक असते, तेव्हा ती पाळणे त्याला सोपे जाते.

अर्थात, समजावून सांगण्याने सर्व काही साधते असा समज करून घेणे घातक ठरेल. उसाला पाणी देण्यासाठी रात्री वीज मिळत असेल, तर शेतकऱ्याला रात्रीच फडात जावे लागणार. 'रात्री एकट्याने शेतात जाऊ नका' ही सूचना त्याच्या दृष्टीने निरर्थक आहे. बिबट्याच्या पट्ट्यात दिवसा थ्री फेज वीज द्यावी, ही मागणी म्हणूनच वन्यजीव व्यवस्थापनाचा भाग मानली पाहिजे, आणि तिचे उत्तर वन विभागाकडे नाही, तर वीज वितरण यंत्रणेकडे आहे. वस्तीवरच्या घराला शौचालय नसणे, शाळेची वाट उसातून जाणे, गोठा उघडा असणे, या प्रत्येक गोष्टीचा कारभार वेगळ्या खात्याकडे आहे. मार्गदर्शक सूचना मात्र एकट्या वन खात्याच्या नावे निघते.

शिवाय सूचना हा काही कायमचा शिलालेख नव्हे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अकोले परिसरातील अभ्यासात जंगल नसलेल्या शेतीच्या मुलखात १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले होते आणि तरीही माणसांवरील हल्ले दुर्मीळ होते. सहजीवन शक्य आहे, याचा तो मोठा पुरावा होता. परंतु एका काळाचा, एका भागाचा निष्कर्ष दुसरीकडे जसाच्या तसा लावता येत नाही. पिंपरखेडच्या घटनांनंतर मादी बिबट्यांच्या नसबंदीचा मर्यादित प्रायोगिक मार्ग पुढे आला आहे. त्याचे परिणाम काय होतात, याची नोंद जुन्नरच्या २००१ ते २००३ च्या नोंदींइतक्याच काटेकोरपणे झाली पाहिजे आणि त्यानुसार सूचना बदलल्या पाहिजेत. २००१ मधील उपायही सद्‌हेतूनेच योजलेला होता. तो चुकला, हे कळले ते कोणीतरी आकडे लिहून ठेवले होते म्हणून.

करता येण्यासारख्या गोष्टी फार खर्चिक नाहीत. केंद्राच्या प्रत्येक मार्गदर्शिकेचा सुबोध मराठी सारांश वनरक्षकाच्या खिशात असावा. प्रत्येक सूचनेसोबत तिचे कारण आणि शक्यतो त्याच विभागातील उदाहरण द्यावे. ऊसतोडणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी वनक्षेत्रपाल, तहसीलदार, पोलीस निरीक्षक, वीज अभियंता, पोलीस पाटील आणि स्थानिक पत्रकार यांची एकत्र बैठक व्हावी. हल्ल्याच्या रात्री अशी बैठक घेऊन उपयोग नाही, कारण त्या रात्री कोणी कोणाचे ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतो. आणि प्रत्येक घटनेनंतर, दोषारोप न करता, काय पाळता आले व काय नाही, याचा दोन पानी अहवाल खालून वर जावा.

राज्य शासन बिबट्याच्या हल्ल्यातील मृतांच्या वारसांना २५ लाख रुपयांचे अर्थसाह्य देते. ते दिलेच पाहिजे. त्या रकमेच्या तुलनेत एक पुस्तिका मराठीत छापण्याचा आणि ती गावागावांत समजावून सांगण्याचा खर्च नगण्य आहे.